मंदाताईचा जळफळाट, शैलाचे शेअर

मंडळी, आज एकच प्रश्न! दुसऱ्याचं बरं झालं की आपल्या पोटात का दुखतं हो? — अहो काका, देवळाच्या खांबाआड कशाला सरकताय? मी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही!

तर ऐका. कराडच्या दोघी बहिणी. थोरली मंदाताई, धाकटी शैला. वडिलांनी लग्नात दोघींना सारखेच शेअर दिले — पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे, शंभर हिला, शंभर तिला! सारखं दिलं की लेकी भांडणार नाहीत, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं!

कंपनी दरवर्षी नफ्यातला वाटा पाठवायची. लाभांश! मंदाताईच्या हातात पडला, की ती निघाली बाजारात. आणि शैला? ती त्याच पैशांचे त्याच कंपनीचे आणखी शेअर घ्यायची. शेअर वाढले, की पुढचा लाभांश वाढला — त्याचे आणखी शेअर! वर माहेरी येऊन सांगायची, "ताई, यंदा बारा घेतले हं!"

झालं! मंदाताईचा तिळपापड! घरी येऊन नवऱ्याला म्हणते, "बुडू दे मेली ती कंपनी!"

"अगं, तुझेही शेअर त्यातच आहेत ना?"

"बुडू देत! तिचे जास्त बुडतील!"

हसताय? हसा, हसा! घरी गेल्यावर आरशात बघून हसा!

आता शैलाचंही सगळंच शहाणपणाचं नव्हतं बरं का. सगळी पुंजी एकाच कंपनीत! लाभांश परत गुंतवला तरी त्यावरचा कर चुकत नाही — तो भरायचा घरखर्चातून. आणि एवढ्या खरेद्या केल्या, त्यांची बिलं? गेली रद्दीत!

वर्षं गेली. शैलाचे दोन्ही गुडघे गेले. ऑपरेशनला पैसा हवा, म्हणून शेअर विकायचे ठरले. करसल्लागार पेंढरकरांकडे निघाली, सोबत मंदाताई. सोबत कसली — किती आले ते बघायला!

पेंढरकर म्हणाले, "बाई, प्रत्येक खरेदी वेगळी धरावी लागते. कधी घेतले, काय भावानं घेतले? निदान साल-महिना सांगा, दलालाकडून बिलाची प्रत मागवतो. नाहीतर खरेदी शून्य धरतील आणि आख्ख्या रकमेवर कर बसेल. मग ऑपरेशनला काय उरणार?"

शैला रडकुंडीला आली. "मला कुठलं आठवतंय हो!"

मंदाताई मनात म्हणते, भर आता! मिरवत होतीस ना?

शैला उठायला गेली. उठवेना. हात पुढे केला, "ताई, धर गं."

मंदाताईनं हात धरला आणि धडाधडा बोलायला लागली! "बारा घेतलेस माझ्या सुहासच्या मुंजीच्या वर्षी, आषाढात. एकशेचाळीसचा भाव होता. पुढचे पंधरा, माझ्या नणंदेच्या लग्नाआधी, मोरपंखी साडी नेसून सांगायला आली होतीस..." एकही खरेदी सुटली नाही! पेंढरकरांची लिहून घेता घेता पुरेवाट!

"ताई, तुला कसं गं पाठ?"

"जळत होते ना मी! एकेक आकडा काळजात रुतलाय."

शैला म्हणाली, "अगं, मी तुझ्यावर जळायचे! लाभांश आला की तुझ्या घरी बासुंदी. पोरांना सायकल. आणि मी माझ्या पोरांना पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिले. गोकर्णाला गेलात तेव्हा भावोजी समुद्रात लहान मुलासारखे नाचले, तूच सांगितलंस. मी घरी जाऊन रडले होते!"

मंडळी, ते भावोजी आता नाहीत.

मंदाताईनं तिचे दोन्ही हात धरले. "नाचले होते का गं? कसे नाचले? सांग ना... मला आठवतच नाही, मी तेव्हाही तुझेच शेअर मोजत होते!"

तर मंडळी, बिलं जपा, तारीख आणि भाव लिहून ठेवा. लाभांश गुंतवा नाहीतर खर्च करा — आपली गरज बघून करा, बहिणीचं तोंड बघून नको! आणि आता हरिनाम घेण्याआधी एक करा. शेजारच्याच्या नव्या गाडीची किंमत तुम्हाला पाठ आहे, मला माहीत आहे. आपल्या घरातलं माणूस शेवटचं पोटभर कधी हसलं, तेवढं आठवा. नाही आठवत? मग टाळ राहू द्या खाली. आधी घरी जा.