महादेवी मॅडमचं एक बटण

माणूस किती जळू शकतो ते मला आमच्या महादेवी मॅडममुळं कळलं बघा.

आमच्या कॉलेजात गणिताचे पेपर सुबक मांडायला एक सॉफ्टवेअर वापरतात. फुकट मिळतं, पण कॉम्प्युटरवर चढवायला अख्खा दिवस जायचा. ते जमणारा मी एकटा. जो तो म्हणायचा, "सर, तेवढं टाकून द्या की!" स्टाफमधल्या जोशी मॅडमना तर घरी जाऊन टाकून दिलं. मला लई भारी वाटायचं.

मग अक्कलकोटहून महादेवी मॅडम आल्या. त्यांनी सगळं एकाच फाइलमध्ये बांधलं. एक बटण दाबायचं, बास. सूचना मराठीत, वर कन्नडमध्येसुद्धा! स्टाफरूम त्यांच्याभोवती गोळा, आणि मी कोपऱ्यात एकटा चहा पीत. वर त्या मलाच म्हणतात, "सर, तुम्ही जरा तपासून द्या ना." अंगाचा तिळपापड झाला.

चूक काढायचीच म्हणून फाइल घरी आणली आणि बायकोला बटण दाबायला बसवलं. म्हटलं, ही नक्की अडकणार. कुठलं काय! कुकर व्हायच्या आत सगळं बसलं, मराठी फॉन्टसकट.

मी तोंड पाडून बसलो. बायको स्क्रीनकडं बघत राहिली.

"एवढंच काम असतंय व्हय?"

"आता एवढंच झालंय."

"मग त्या जोशी मॅडमच्या घरी तुमी सगळा रविवार काय करत होता?"

आता सांगा, फॉन्ट बसत नव्हता हे खरं कारण तिला कसं पटवायचं?