मागच्या काचेचं बटण

(अंगणातल्या जुन्या गाडीत तिघी. पुढे वहिनी आणि तिची नणंद बेबी, मागे वहिनीची लेक चिमणी. वाटीत गरम पाणी, हातात फडकी, काचांची बटणं पुसणं चाललंय. मग वाटीत चमचा पडतो, खण्ण.)

बेबी : दचकले ना गं! मला वाटलं, गाडीचंच काहीतरी तुटलं.

वहिनी : तुटलं तरी आता तुझंच. आण तो चमचा. दांड्याला फडकं नीट गुंडाळ, नाहीतर प्लास्टिकवर ओरखडे उठतील.

बेबी : बाई गं, ही बटणं आहेत की चघळून चिकटवलेलं च्युइंगगम? बोट ठेवलं की उचलायलाच येत नाही.

वहिनी : वर रबरासारखा थर असतो, तो उन्हाने असा पाघळतो. साबणाने नाही जायचा. स्पिरिट घे, पण जपून. फार घासलंस तर खालची चित्रंही जातील.

बेबी : तुला बरं सगळं माहीत!

वहिनी : विचारून ठेवलं होतं मी. दिवाणाखाली बाटलीपण आणून ठेवली होती.

बेबी : म्हणजे दादाने मला गाडी द्यायचं आधीच ठरवलं होतं? बघ की, लबाड! मला कालपर्यंत पत्ता नाही.

वहिनी : चिमणे, पाय खाली. वाटी सांडेल.

चिमणी : मी बटणंच पुसतेय!

बेबी : शोभतेस गं त्या सीटवर, वहिनी. स्टिअरिंग धर की जरा. फोटो काढते.

वहिनी : पुसायला बसलेय मी.

बेबी : म्हणून काय झालं?

वहिनी : काही नाही. हे सकाळी निघताना म्हणाले, "बटणं चिकट झालीत, बेबीला अशी देऊ नकोस, बरं दिसत नाही." म्हणून पुसतेय.

बेबी : अगं, मी केलं असतं घरी नेऊन. हे बघ, या बटणावरचं चित्र तर पार गेलंय. बाकीची धड आहेत, आणि हेच असं गुळगुळीत. मी नाही हं घासलं! कसलं आहे हे?

वहिनी : मागच्या काचांचं कुलूप. ते दाबलं की मागे बसलेल्याने कितीही बटण दाबू दे, काच हलत नाही. तुझा दादा गाडीत बसला की आधी ते दाबणार, मग पट्टा.

बेबी : पोरीसाठी असेल. हात बाहेर काढतात पोरं.

वहिनी : चिमणी व्हायच्या आधीपासून दाबतात ते.

बेबी : मग कशाला?

वहिनी : एसी चालू असतो ना. गार हवा बाहेर जाते, धूळ आत येते. तुझी आई पुढे बसायची, तिला वारं सोसायचं नाही. कारणं काही खोटी नव्हती. मला मागे मळमळायचं, तेवढंच.

बेबी : सांगायचंस की.

वहिनी : सांगायचे. "पोचलोच आता," म्हणायचे. एकदा ओढणीतच झाली उलटी. तेव्हा थांबवली गाडी. सीट पुसायला.

बेबी : आमचा दादा म्हणजे ना... मी नाही हो लावणार ते कुलूप. शपथ.

वहिनी : नकोच लावू. बोटाला सवय लागते.

बेबी : वहिनी, तू चिडली आहेस का माझ्यावर? सकाळपासून नुसती तुटक बोलतेयस.

वहिनी : तुझ्यावर कशाला चिडू?

बेबी : माझ्याकडे बघून सांग.

वहिनी : नवी गाडी आली की ही तुझी, असं म्हणाले होते मला. मी शिकले, बेबी. हे ऑफिसला गेले की क्लासला जायचे. लायसन्स आलंय, कपाटात साड्यांखाली ठेवलंय. नवी दारात आली की दाखवणार होते.

बेबी : तू? गाडी? मला बोलली पण नाहीस!

वहिनी : काल सगळ्यांदेखत किल्ली तुझ्या हातात ठेवली त्यांनी. मी पाणी घेऊन येत होते. म्हणाले, "ही गाडी घरात पडून काय करायची? हिला थोडीच चालवायचीये."

बेबी : आणि तू गप्प राहिलीस? तिथल्या तिथे बोलायचं ना!

वहिनी : तू त्यांच्या गळ्यात पडली होतीस. कुठे बोलू?

बेबी : मला खरंच माहीत नव्हतं गं. देवाशप्पथ.

वहिनी : माहीत आहे मला.

बेबी : आता काय करू मी? नको म्हणू त्याला?

वहिनी : म्हणशील?

बेबी : ...अगं, मी सकाळीच साहेबांना फोन करून बसले. लांबच्या शाखेत जागा होती, हो म्हणून टाकलं. तिकडे बस जात नाही. गाडी आहे म्हणूनच तर...

वहिनी : हं.

बेबी : तू लायसन्स दाखव ना त्याला! पुढेमागे नवी देईल चालवायला. मी बोलू का?

वहिनी : त्या काडीला कापूस लाव. कडेला अजून चिकट आहे.

बेबी : वहिनी...

वहिनी : लाव गं. चांगली निघतायत.

चिमणी : आई! मी काही नाही केलं हं. या बटणाचं पण चित्र गेलंय.

बेबी : कुठलं? मागच्या दाराचं? बघू. अगंबाई, खरंच की. हेपण तस्संच गुळगुळीत. आणि पलीकडच्या दाराचं बघ, नवं कोरं.

चिमणी : तिकडे मी बसते. इकडे आई बसते.

बेबी : पण वहिनी, हे तर... हे तर चालतच नव्हतं ना?

वहिनी : पुरे आता. पाणी गार झालं. उतरा दोघी.

चिमणी : आई, हे दाबलं की तुझी काच खाली यायची?

वहिनी : नाही.

चिमणी : कध्धीच नाही? हळूच दाबलं तरी?

वहिनी : नाही गं बाळा.

चिमणी : मग तू का दाबायचीस?