तीन रविवार खपून लिहिलेला परिचय

तीन रविवार खपून दातांच्या डॉक्टरांनी स्वतःचा परिचय लिहिला होता. तो बाहेरच्या खोलीत टांगला होता. बाकावर गाल सुजलेल्या आजी आणि त्यांची सून. पडद्याआड हात धुता धुता डॉक्टरांनी कान टवकारले.

“वाच गं, काय लिहिलंय?”

“सुवर्णपदक मिळालंय, आई. दोनदा.”

“बरं. दाढ काढताना दुखतं का?”

“ते नाही लिहिलं. सात देशांत भाषणं केलीत.”

“सात देशांत! आणि दुखतं का, ते कुठेच नाही?”

“नाही. डोंगर चढायची आवड आहे त्यांना.”

“चढोत बापडे. मला त्या खुर्चीवर चढायचंय, त्याचं काय? ऊठ, घरी जाऊ.”

डॉक्टर ओल्या हातांनीच बाहेर आले.

“आजी, थांबा. माझी दाढ काढायची होती ना, तेव्हा मी खुर्चीतून उठून पळालो होतो.”

“अगंबाई! मग?”

“बायकोने जिन्यात गाठलं. सुई टोचली तेवढंच दुखलं, पुढचं कळलंसुद्धा नाही.”

“मग हे लिहायचं सोडून डोंगर कसले लिहिताय? चला आत. आणि सूनबाई, तू जिन्यात उभी राहा.”