हद्दीचा दगड

नाही हो मॅडम, दगड इथंच होता, पहिल्यापासून — तुमच्या मोजणीच्या नकाशात तरी काय लिहिलंय, हद्द दगडापर्यंत, असंच ना — मग झालं. दगडाच्या अलीकडे सरकारी खातं, पलीकडे कंपनी, आणि खड्डा पलीकडे. म्हणजे कंपनीचा. लिहून टाका. मी रस्त्याच्या या तुकड्यावर बावीस वर्षं मैलकुली आहे, डागडुजी माझ्याकडेच, माझी सही चालते.

बसा सावलीत, साडेआठपर्यंत उरकू. — कोण, त्यात पडून गेले ते? हो, माझे भाऊजीच. थोरल्या बहिणीचे यजमान. पूर्वी आम्ही एकाच टोळीत होतो, घमेलं कसं धरायचं ते त्यांनीच शिकवलं मला. मग पलीकडचा रस्ता देखभालीला कंपनीकडे गेला आणि भाऊजीही गेले, सुपरवायझर म्हणून. निळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. मला म्हणायचे, तुझ्या हद्दीत शिरलं की खड्ड्यांनी दात वाजतात रे. चेष्टाच ती, पण लागायची — सरकारी माणूस म्हणजे आयतखाऊ, असं सगळं जग म्हणतं, घरच्यांनी तरी म्हणू नये ना. आणि कंपनी तरी कुठं धुतल्या तांदळासारखी? तिथं आधी फोटो, मग वरून मंजुरी, मग मशीन. आमच्याकडे आधी अर्ज, मग साहेब रजेवर, मग डांबर संपलेलं. खड्डा कुणासाठी थांबतोय, तो आपला वाढतो.

आमच्या टोळीची रीत एकच — भाऊजींनीच पाडलेली — खड्डा ज्याला दिसेल त्यानं भोवती चुना लावलेले दगड मांडायचे. भरायचा तेव्हा भरू, दगड आधी. — या वेळी? नव्हते. दिसला होता हो, मलाच दिसला, सोमवारी. पण दगड मांडले की तो माझा झाला असता, आणि मंगळवारी साहेबांची तपासणी होती. भाऊजी बुधवारी सकाळी साडेआठला स्कूटरवरून आले. पाणी साचलेलं, खोली कळत नव्हती. पांढरे दगड नाहीत म्हणजे रस्ता नीट आहे, असं धरून आले असणार. माझ्यावर भरवसा टाकून आले.

आता लोक काय म्हणतात, सुपरवायझर स्वतःच्याच खड्ड्यात गेला. कंपनीनं तसं लिहूनही दिलंय, हयगय त्यांचीच. ताई दारात कुणाला उभं करत नाही. परवा मला म्हणाली, खड्डा बघून दगड न मांडता ते पुढं जातील का रे? मी म्हणालो, गडबडीत राहिलं असेल. असं म्हणालो मी, तिच्यासमोर बसून, तिच्याच हातचा चहा पीत.

तीनदा भरलाय मी हा, मॅडम. धुमसानं चोपून, पाणी मारून. पुन्हा खचतो. आणि रोज साडेआठला स्कूटर येते — आवाज येतो, इथवर येतो आणि थांबतो. पुढं जातच नाही. मी फावडं टाकून कडेला होतो, बघतो तर रस्ता रिकामा. भीती वाटते मला. खोटं कशाला सांगू, फार भीती वाटते.

काय बघताय वाकून? माती ना? हो... मऊ आहे. बावीस वर्षांच्या दगडाखाली अशी माती नसते, तुम्हाला कळणारच. तिकडं या, नऊ पावलं. त्या झुडपाखाली हात घाला — लागली दगडाची जुनी बैठक? सोमवारी संध्याकाळी पहारीनं मीच दगड काढला आणि खड्ड्याच्या अलीकडे रोवला, एकट्यानं. म्हटलं, नऊ पावलांनी कुणाचं काय बिघडतंय.

टेप इथून धरा. खड्डा माझ्या हद्दीत येतो. भाऊजींची हयगय नव्हती, हे आधी लिहा, ठळक लिहा, ताईला वाचता येतं. सही कुठं करू? इथं?

आता तुम्ही जा. साडेआठ होतायत, आणि आज मी कडेला होणार नाहीये.