हॅलमच्या मुलाखतीतल्या तीन ओळी

नाही, नाही, ते ‘अस्सल प्रतिभा’ आधी खोड, ईशानी. लॅपटॉपवर आहे म्हणतेस, मग डिलीट कर, मला काय — पण माझ्यासमोर बसून ते वाक्य पुन्हा वाचू नकोस. ‘डेस्मंड हॅलम, गेल्या शतकातल्या इंग्लिश रंगभूमीवरची सगळ्यांत अस्सल प्रतिभा.’ फेब्रुवारीत गेला, आणि तेव्हापासून जो उठतो तो हेच लिहितो. लंडनचे पेपर लिहितात, टोरोंटोचे लिहितात, आता इथे हॅलिफॅक्समध्ये तुमचं थिएटर श्रद्धांजली म्हणून त्याचं ‘द क्वाएट लॉजर’ करणार आणि माहितीपत्रकात पुन्हा तेच. आणि ते लिहिणार कोण, तर ठाण्याची मुलगी! वा. — बस, बस. बूट राहू देत तिथे मॅटवर. बेसमेंट गार आहे जरा, पण वर नको, चित्रा — माझी मुलगी — हॉस्पिटलमधून नाइट करून आलीये, झोपलीये. तेव्हा आवाज हळू. म्हणजे मी हळू. तू बोलतेस कुठे!

आणि काका म्हणू नकोस. गुप्ते म्हण, शैलेंद्र म्हण, हवं तर नुसतं ‘अहो’ म्हण. काका म्हटलं की माणूस सोर्स राहत नाही, नातेवाईक होतो, आणि नातेवाइकाला कोणी अडचणीचे प्रश्न विचारत नाही. एकतीस वर्षं बातमीदारी केली मी मुंबईत — आधी पोलीस, मग महापालिका, आणि नाटकाचं पान पहिल्यापासून, कारण ते घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. एकतीस वर्षांत एकच नियम. छापायच्या आधी मजकूर कोणाला दाखवायचा नाही. दाखवायचा नाही, वाचूनही दाखवायचा नाही, फोनवर ‘साधारण काय लिहिलंय’ एवढंही सांगायचं नाही. एका मंत्र्याने गाडी पाठवली होती ऑफिसच्या दारात — नुसती मुलाखत ऐकवा म्हणून. ड्रायव्हरला चहा पाजला आणि गाडी परत पाठवली. लिहून घे हे. माझ्याबद्दल दोन ओळी येतील ना पत्रकात? बघू काय? अगं, पुरावा माझ्याकडे आहे, जगात दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि म्हणे बघू!

तर चोरी. ‘साम्य’ लिहू नकोस, ‘प्रेरणा’ तर अजिबात लिहू नकोस, चोरीच लिही. शहाऐंशी साली हॅलम मुंबईत आला, नटांचं शिबिर घ्यायला. कोणीतरी हौसेने त्याला ठाण्याला नेलं, कचेऱ्यांची नाट्यस्पर्धा होती तिथे. शेजारी एक प्राध्यापक बसले होते, कानात इंग्रजी करून सांगत होते. नाटक होतं ‘भाडेकरू आजारी आहे’. लिहिणारी सुनंदा टिपणीस, टेलिफोन खात्यात ऑपरेटर. चाळीतली एक बाई वरची खोली जाऊ नये म्हणून सांगते की तिथे भाडेकरू आहे, आजारी आहे. भाडेकरू नाहीच. पण शेजारणी पेज करून देतात, कोणी औषध आणतं, कोणी रात्री जागतं, हळूहळू सगळी चाळ त्या नसलेल्या माणसाची शुश्रूषा करत सुटते, आणि शेवटी बाई खरं सांगते तर कोणी ऐकूनच घेत नाही. आता तुझा ‘द क्वाएट लॉजर’ घे. चाळीच्या जागी समुद्रकाठचं बोर्डिंग हाऊस, पेजेच्या जागी सूप. झालं! अठ्ठ्याऐंशीला लंडनमध्ये लागलं आणि छत्तीस-सदतीस वर्षं जगभर चाललंय. तुमच्या युनिव्हर्सिटीत त्यावर पीएचड्या होतात. आणि सुनंदाबाई? हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडत रिटायर झाल्या. पुन्हा नाटक लिहिलं नाही. एकसुद्धा नाही.

मला कसं माहीत म्हणजे? मी होतो ना तिथे. तिसऱ्या रांगेत. — हो, परीक्षण लिहिलं होतं. माझंच काम होतं ते. — काय लिहिलं म्हणजे, जे लिहितात ते. आता आठवतंय थोडंच. परीक्षण हा आपला विषय नाही, ईशानी, विषय हॅलम आहे. तू भरकटतेस. चांगला बातमीदार एका वेळी एकच दोरी ओढतो.

पुरावा, हां. थांब. ही फाइल. एकोणनव्वदच्या जानेवारीत हॅलम पुन्हा आला, या खेपेला बादशहासारखा. मराठीत त्याची मुलाखत फक्त मला मिळाली. दीड तास. आणि हे त्या मुलाखतीचं प्रूफ, प्रेसमधून यायचं तसं लांबलचक पट्टीवर. कागद पिवळा झालाय, जपून धर. इथून वाच, खालचा परिच्छेद. मोठ्याने नको. नाही, बरं, मोठ्यानेच वाच. ‘या नाटकाचा सांगाडा माझा नाही. तीन वर्षांपूर्वी इथेच एका टेलिफोन ऑपरेटर बाईंचं नाटक पाहिलं, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यांचं नाव मला नीट उच्चारता येत नाही. तुम्ही ते नीट छापा.’ — ऐकलंस? आरोपीची कबुली! आणि त्यावर ही लाल शाई, आडवी. छापून आलेल्या मुलाखतीत या तीन ओळी नाहीत. का नाहीत? कारण साहेब घाबरले. दुसऱ्या दिवशी हॉटेलातून फोन — मिस्टर गुप्ते, ते जरा काढाल का. एवढा मोठा माणूस, परदेशातला पाहुणा, आमचे संपादक आधीच त्याच्यापुढे लोटांगण घालून होते. काढलं. पण कागद ठेवला. छत्तीस वर्षं ठेवला. मुंबई सोडली, चित्रा इकडे आली, मी तिच्या मागे आलो, घरातलं अर्धं सामान वाटून टाकलं, पण ही फाइल हातातल्या बॅगेत घेऊन विमानात बसलो. उद्या दुपारी तुझं पत्रक छापायला जातं ना? छाप हे. सुनंदाबाई एक्क्याऐंशीच्या आहेत, डोंबिवलीला असतात. जिवंतपणी नाव लागू दे त्यांचं. यापलीकडे मला काही नको.

काय? — विचार ना, त्यासाठीच बसलोय.

नाही, नाही, मी वाचून नाही दाखवलं त्याला. छे. नियम म्हणजे नियम. — मग त्याला कसं कळलं त्या ओळी मुलाखतीत येणार आहेत ते? असं विचारतेस. हं. कळलं असेल. म्हणजे त्याला आठवलं असेल आपण काय बोललो ते. माणूस बोलून जातो आणि मग... — कुठल्या हॉटेलातून? ताजच असणार, दुसरीकडे कुठे उतरेल. नाही, तो सोमवारी गेला. प्रूफ मंगळवारी आलं. मग फोन विमानतळावरून असेल. आता छत्तीस वर्षांनी तू मला फोनचे कोड विचारणार का? तू काय मला क्रॉस घेतेस? या खोलीत बातमीदार मी आहे!

अगं कड उलगडू नकोस. दुमडलेलं असू दे ते, फाटेल — ईशानी! — मार्जिनमध्ये काही नसतं, प्रेससाठी खुणा असतात. तुला कळायच्या नाहीत त्या.

वाच.

वाच म्हणतोय ना, तुला येतं की मराठी, ठाण्याचीच तू. ‘तीन ओळी गाळणे. जागा नाही. फोटो दीड कॉलम मोठा करणे. शै. गु.’ — शै. गु. म्हणजे मी, हो. दुसरं कोण असणार? — कुठला फोटो? होता एक. हॅलमचा. माझा आणि हॅलमचा. दोघे हसतोय, माझ्या हातात वही आहे. मोठा छान आला होता.

अशी बघू नकोस. तुला काय माहीत त्या वेळी काय होतं? ते परीक्षण — तू सारखं विचारतेस ना ते परीक्षण, मग ऐक. मी लिहिलं होतं, ‘सौ. टिपणीस यांनी नंबर जोडावेत, प्रवेश जोडू नयेत.’ झालं तुझं समाधान? गाजलं होतं ते वाक्य. ऑफिसात लोक म्हणून दाखवायचे, नाटकवाले चहाच्या टपरीवर म्हणायचे, माझं नाव झालं त्या वाक्यावर. स्पर्धेत त्यांचा तिसरा नंबर होता, पुढच्या फेरीला जायचं होतं, परीक्षण वाचून खात्याने संघच मागे घेतला. आणि तीन वर्षांनी जगातला एवढा मोठा नाटककार माझ्या समोर बसून सांगतो की मी मुंबईत पाहिलेली सगळ्यांत चांगली गोष्ट ती. त्याला ठाऊकही नव्हतं मी कोण. कौतुकाने सांगत होता गं! आता ते मी छापू? माझ्याच पानावर, माझ्याच नावाखाली? दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर — तू आयुष्यात एकदा तरी चार लोकांसमोर मूर्ख ठरली आहेस का? तीन ओळी होत्या. तीन. मला वाटलं, तो लंडनला जाऊन कुठेतरी बोलेलच. त्याला वाटलं असेल, मुंबईत छापून आलं, झालं आपलं काम. मराठी त्याला कुठे वाचता येत होतं.

तरीही चोर तोच! तरीही. पुस्तक निघालं, अर्पणपत्रिका बायकोला, व्हेरॉनिकाला. दोन शब्द तिथे घालायला काय झालं होतं? त्याने एकदा विचारायचं माझ्याकडे, छापलंत का म्हणून. नाही विचारलं. — विचारलं होतं. पत्र आलं होतं एक. उत्तर द्यायचं राहिलं.

हे बघ, ईशानी, शांतपणे ऐक. पत्रक उद्या जातंय. तुला सुनंदाबाईंचं नाव लावायचंय, मलाही लावायचंय. दोघांचं एकच आहे. तू कागदाचा फोटो घे, मार्जिन सोडून. खाली लिही, ‘हॅलम यांच्या सूचनेवरून गाळलेला मजकूर.’ मेलेला माणूस अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही. बाईंना त्यांचं मिळतं, तुझ्या थिएटरला बातमी मिळते, हॅलमचं काय जातं? पुतळे आहेत त्याचे. आणि मी — मी काही मागत नाहीये. माझं नाव नाही टाकलंस तरी चालेल. नकोच टाकू.

मान कसली हलवतेस? लगेच नाही म्हणू नकोस. बाईंचा विचार कर, माझा करू नकोस. या वयात त्यांना हे कळून काय मिळणार आहे, की एका माणसाने, ओळख ना देख...

काय? कधी? काल?

फोनवर मी नुसतं नाव सांगितलं होतं, तेवढ्यावर तू काल शोधून बोललीस त्यांच्याशी, आणि आत्तापर्यंत मला बडबडू दिलंस. चांगली आहेस. मी पण असंच केलं असतं. — काय म्हणाल्या? हॅलमबद्दल नाही, माझ्याबद्दल काय म्हणाल्या? शिव्या दिल्या असतील. सांग, मला सवय आहे शिव्यांची.

पाठ आहे? ते वाक्य पाठ आहे त्यांना?

हसून म्हणून दाखवलं.

‘गुप्त्यांना नाटक कळायचं. बाकी सगळे गोड बोलले, त्यांनी खरं काय ते लिहिलं. म्हणून मी वेळेवर थांबले.’ — असं म्हणाल्या? याच शब्दांत? तू तुझं काही घालत नाहीयेस ना यात? ‘वेळेवर’ म्हणाल्या?

नाही, पाणी नको मला.

काय करतेस? ठेव तो फोन आत. तिकडे संध्याकाळ असू दे, जाग्या असू देत, मला नाही बोलायचं. काय बोलू? ठेव म्हणतोय ना. ईशानी, रिंग जातेय त्यांना, बंद कर. बंद कर! — हं, झाला बंद.

तो कागद उचल. सगळा, मार्जिनसकट. तिथे पिशवी आहे प्लास्टिकची, बाहेर बर्फ भुरभुरतोय. आणि आता एक शब्द बोलू नकोस. वर चित्रा उठलीये, पावलं ऐकू येतायत. तिच्यासमोर नको. मागच्या दाराने जा.