बुद्धाकडे पाठ करायची नाही

बुद्धमंदिराच्या लाल-सोनेरी दाराबाहेर, चपला घालायच्या बाकावर, सुट्टीवर आलेली एक नर्स पाय चोळत बसली होती. शेजारी एक आजी केव्हाच्या वाट बघत होत्या. शेवटी आजोबा आले, तेही भलत्याच बाजूने.

"अहो, होतात कुठे इतका वेळ?"

"बुद्धाकडे पाठ करायची नाही ना, म्हणून उलट्या पावली निघालो. दार चुकलं. थेट भिक्षूंच्या स्वयंपाकघरात!"

"अगं बाई! रागावले असतील."

"छे! एका भिक्षूने वाकून नमस्कार केला. मग मीही केला. तर त्याने आणखी वाकून केला."

"मग तुम्ही थांबायचं ना!"

"पाहुण्याने आधी थांबणं बरं दिसतं का? मी त्याच्याहून खाली गेलो."

"मग थांबलं कोण?"

"चुलीवरचं उतू गेलं, तेव्हा तो पळाला. म्हणजे जिंकलो मीच."

"जन्मात माझ्यापुढे मान तुकवली नाहीत, आणि तिथे चुलीपुढे कमान झालात!"

"बरं, भांडू नकोस. तुझे गुडघे वाकत नाहीत, आण तो पाय. मी चपलेचा पट्टा लावतो."

आजोबा वाकले. पट्टा लागला.

"लागला ना? उठा आता."

"उठता येत नाही गं. कंबर धरली."

नर्सने चटकन पिशवीतून मलमाची ट्यूब काढली.

"थांबा हो जरा," आजी तिचा हात धरून म्हणाल्या. "दुसरा पाय व्हायचाय अजून."