पाव फेरा, जास्त नाही

नाही, पण मला एक सांगा, पाव फेराच का? अर्धा का नाही? इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्वच्छ छापलंय, मोठा स्क्रू पूर्ण आवळा आणि मग साडेतीन फेरे सैल करा, आकृती काढलीय, बाण दाखवलाय, आणि मी बावीस वर्षं नकाशाच्या ऑफिसात रेघा ओढणारा माणूस, मला बाण कळतो हो... तर मी साडेतीन फेरे सैल करून झोपायला जावं, आणि दुसऱ्या दिवशी मोजावं तर सव्वातीन! पाव फेरा आत. घरात माणसं तीन. मी, बायको आणि सासूबाई. हात कुणी लावला? कुणीच नाही.

थांबा, तुम्हाला गाडीच माहीत नाही. ट्रक आहे. मांजराएवढा. रिमोटवर चालतो, पण खेळण्यातला म्हणू नका, सासरे गेले असले तरी त्यांना ते ऐकू येईल... हो, येईल, हसू नका, पुढे ऐका. त्याला खरं इंजिन आहे, लिंबाएवढं. त्यात इंधन भरायचं, प्लग तापवायचा, दोरी ओढायची, की जो आवाज निघतो तो शेजारचे शिक्षक अठरा वर्षं विसरू शकलेले नाहीत. आणि त्या लिंबाला सुपारीएवढा कार्बोरेटर, त्याला दोन स्क्रू. मोठा घट्ट केला की इंधन कमी, सैल केला की जास्त. कमी पडलं की इंजिन तापून किंचाळतं, जास्त झालं की खोकत खोकत मरतं. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे ते गातं. ती जागा सासऱ्यांना सापडायची. पुस्तिका न बघता! चाळीस वर्षं पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, कान लावायचा आणि मनगट हलवायचा.

मला त्यांनी एकदाच हात लावू दिला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जावईबापू, पाव फेरा. जास्त नाही." मी अर्धा फिरवला. मुद्दाम नाही हो, घामानं हात सटकला. इंजिन असं किंचाळलं की सासूबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. सासरे काही बोलले नाहीत. तेच तर! बोलले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी काढून घेतला, पुसला आणि खिळ्याला टांगला. त्यानंतर सतरा वर्षं तो माझ्या हातात आला नाही.

आता त्यांचा रविवार सांगतो. तीन वाजता मागच्या मोकळ्या जागेत सिमेंटची टाकी आहे तिच्याभोवती तीन फेऱ्या. मग ट्रक येऊन त्यांच्या खुर्चीसमोर थांबायचा, नुसता घुरघुरत. मग सासूबाई यायच्या, इंधनाची नळी चिमटीत दाबायच्या आणि मोजायच्या, एक, दोन, तीन, चार. चारला इंजिन बंद पडलं की छोटा स्क्रू, जागेवर घुरघुरतानाच्या इंधनाचा, बरोबर. तीनला पडलं तर चूक, पाचला पडलं तरी चूक. संसारात या दोघांनी प्रेमाचं दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही, पण ती चिमूट आणि ते मोजणं... जाऊ दे.

सहा महिन्यांपूर्वी, थंडीत, तीन फेऱ्या झाल्या, ट्रक खुर्चीसमोर आला, सासरे बसले. सासूबाईंच्या हाताला कणीक होती, त्या आतून म्हणाल्या, "येते." इंजिन घुरघुरत होतं म्हणून कुणी बाहेर डोकावलं नाही, चालू आहे म्हणजे माणूस आहे. इंधन संपून ते बंद पडलं तेव्हा त्या गेल्या. तोपर्यंत हात गार झाले होते. सासऱ्यांचे.

त्यानंतर सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "माझ्या कानात ते थांबतानाचं राहिलंय. चालतानाचं एकदा नीट ऐकू द्या, मग मी थोरलीकडे राहायला जाते." थोरली म्हणजे माझी मेहुणी. आता खरं सांगतो, उगाच सोंग कशाला, मला वाटलं, बरं झालं. मागची खोली रिकामी होईल, माझा नकाशांचा फळा लागेल. बॅगा भरल्या गेल्या. गाडी चालू करायची कुणी? जावयानं. म्हटलं पुस्तिका आहे, काय अवघड आहे?

पहिली चूक तिथेच. मी सासऱ्यांच्या कामाच्या खोलीत ट्रक टेबलावर ठेवला, खाली दोन विटा, चाकं हवेत. चाकं हवेत असली की इंजिनावर भार नाही, काहीही लावा, गोड गातं. खाली ठेवलं की मेलं! आठ दिवस मी हेच केलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अधांतरी ठेवून काय कळणार? जमिनीवर ठेवा." बरं, जमिनीवर ठेवलं. साडेतीन. मेलं. आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू सव्वातीनवर. पुन्हा साडेतीन. पुन्हा सव्वातीन. आणि स्क्रूड्रायव्हर? मी टेबलावर टाकलेला, सकाळी खिळ्याला. पुसलेला!

आधी बायकोवर संशय घेतला. ती म्हणाली, "मला ऑफिस आहे, तुझा स्क्रू फिरवायला वेळ कुठला?" मग सासूबाईंवर. पण त्यांचे हात इतके थरथरतात की कप बशीत ठेवताना आम्ही श्वास रोखून धरतो, त्या काय पाव फेरा मोजणार? मग मी बायकोची नेलपॉलिश घेतली. लाल. स्क्रूपासून कार्बोरेटरपर्यंत बारीक सरळ रेघ ओढली, रेघ हा माझा धंदा आहे. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. सकाळी कुलूप उघडलं. खिडक्या बंद, आणि खोलीत जळक्या इंधनाचा वास, आत्ता कुणी गाडी फिरवून आणावी तसा. रेघ तुटलेली. बरोब्बर पाव फेरा. जास्त नाही.

मी बायकोला काही सांगितलं नाही. मला भीती वाटत नव्हती. फक्त त्या खोलीत जाताना मी खाकरून जायला लागलो... सासरे असताना जायचो तसा.

मग म्हटलं चला, तुमचंच खरं. पुस्तिका मिटली, स्क्रू सव्वातीनवर राहू दिला, चार दिवस गाडीला हात लावला नाही. रविवार उजाडला. बायकोनं सासूबाईंच्या बॅगा पुढच्या दाराशी आणून ठेवल्या, पाचला मेहुणी न्यायला येणार. मी पावणेतीनला मागच्या दारात ट्रक ठेवला. आता इंजिन किती तापलंय ते बघायची एक रीत आहे, डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थंड असलं तर थेंब बसून राहतो. मी सवयीनं, नुसतं सवयीनं, ओलं बोट वर धरलं. थेंब पडला. चर्र्... आणि उडून गेला.

चार दिवस बंद इंजिन, तुम्हाला सांगतो! ऊन म्हणाल, तर त्या खोलीत ऊन येतच नाही.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. शेजारी सासऱ्यांची खुर्ची रिकामी. त्या म्हणाल्या, "ओढा दोरी." ओढली. पहिल्या ओढीत चालू झालं, पण आवाज जड, मधेच खोकला. मी डोळे मिटले. का मिटले माहीत नाही. आणि मला ऐकू आलं हो, की याला इंधन जास्त होतंय. ते गेले तेव्हा थंडी होती, आता अंगाची लाही होतेय, गरम हवेला इंधन कमी लागतं. सव्वातीन ही थंडीतली जागा. तिकडे बहुतेक ऋतू नसतील. आता मेलेल्या माणसाला चुकलात म्हणायचं कसं? मी मनात म्हटलं, बाबा, माफ करा, आणि आत घेतला. पाव फेरा. जास्त नाही.

इंजिन गायला लागलं. मागे निळसर धुराची बारीक रेघ. रिमोट उचलला, बटण दाबलं, त्याचा दिवा लागला नाही, म्हटलं दिवा गेला असेल. ट्रक निघाला. मी डावीकडे वळवला, तो उजवीकडे गेला. मला नवल वाटलं नाही, या घरात माझं कोण ऐकतं? टाकीला एक फेरी. दोन. तीन. मग वळून आला आणि खुर्चीसमोर थांबला. घुरघुरत.

सासूबाई वाकल्या. हात थरथरत होता, पण नळीवर चिमूट बसली आणि तो स्थिर झाला. एक. दोन. तीन. चार. बंद. त्या म्हणाल्या, "बरोबर आलं." मग खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "त्या दिवशी मला उशीर झाला. बसा आता, दमलात." बायको तोंडाला पदर लावून आत गेली. आणि वेताची खुर्ची करकरली. माणूस बसल्यावर करकरते ना, तशी.

मी रिमोट घेऊन आत गेलो. म्हटलं दिवा बघू. मागचं झाकण उघडलं. आत सेलच नाहीत! बायको म्हणाली, "सकाळीच काढले मी, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं."

पाचला मेहुणी आली. सासूबाई म्हणाल्या, "मी येत नाही, रविवारी नळी कोण दाबणार?" आणि बॅगा उघडल्या. मी स्वतः उचलून आत नेल्या, देवाशपथ, मला बरं वाटलं. फळा गेला खड्ड्यात.

त्या संध्याकाळी मी स्क्रूवर पुन्हा लाल रेघ ओढली, कुलूप लावलं. सकाळी उघडलं. रेघ जागच्या जागी. केसभरही हललेली नाही! आणि खिळा रिकामा. स्क्रूड्रायव्हर टेबलावर होता, मी बसतो त्या बाजूला, पुसलेला, मूठ माझ्याकडे करून ठेवलेला. मी खाली बसलो आणि रडलो, लपवायचं काय त्यात? अठरा वर्षं लागली हो.

आता दर रविवारी तीनला मीच. कान लावतो, मनगट हलवतो, रिमोट हातात घेऊन दारात उभा राहतो, टाकीला तीन फेऱ्या होतात. बायको परवा म्हणाली, "सेल आणलेत, घाल त्यात." मी म्हटलं, राहू दे. घालून तरी काय... या घरात माझं ऐकतंय कोण?